चौतिसावी फेरी

३० मे

दिलं एकदाचं नाव! जत्रेच्या शर्यतींची नावं लिहून घेणाऱ्या मार्चेलने चष्मा कपाळावर सारून दोनदा विचारलं, "कोणाचं लिहू? तुझं?" मग काय गाईचं?

२४ ऑगस्ट, सान बार्तोलोमेची जत्रा, बायकांची चिंगा-शर्यत. दोन हातांत दोन चिंगा, म्हणजे पंचवीस-पंचवीस किलोचं कडीचं लोखंड, आणि चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत सुटायचं. एक चिंगा जरी जमिनीला टेकली, तरी संपलं.

चौकात पेलोटाचा चेंडू खेळायची भिंत आहे, तिच्यावर पाटी आहे : जोशेपा, १९७१, चौतीस फेऱ्या. पंचेचाळीस वर्षांत तिशीच्या पुढे कोणी गेलेली नाही. जोशेपा म्हणजे माझी आई. गावात मला एदुर्ने कोणी म्हणतच नाही. जोशेपाची मुलगी! पोस्टमनसुद्धा तेच म्हणतो. चव्वेचाळीस वर्षांची झाले मी. मला पस्तीस फेऱ्या हव्यात. बस्.

आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "गोठ्यातून अंगणात येईपर्यंत दोनदा बादली टेकवतेस, भवाने."

२ जून

आज पहिल्यांदा चालून बघितलं. अकरा.

अकरा!! शेजारचा बेल्त्रान कुंपणाला टेकून बघत होता. हा माणूस पुरुषांच्या शर्यतीत चार वेळा जिंकलाय, त्यामुळे फुकटचे सल्ले द्यायचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटतं. "बोटांच्या टोकांवर धरतेस. मुळाशी धर. आणि तोंड असं काय केलंयस, कोणी मेलंय का?"

सरावाच्या चिंगा त्यानेच आणून दिल्यात, म्हणून ऐकून घेतलं.

११ जून

बेल्त्रानने शिकवलेले सगळे प्रकार सुरू आहेत. गोठ्याच्या तुळईला लोंबकळायचं — आधी चाळीस सेकंद, आता सत्तर. ओल्या वाळूच्या बादलीत हात कोपरापर्यंत खुपसून मुठी वळायच्या. जाड चादरी भिजवून पिळायच्या, थेंब पडायचा थांबेपर्यंत. चादरी धुवायच्याच होत्या, तेवढं एक काम फुकटात झालं.

सकाळी दूध काढताना धार बादलीबाहेर जात होती. गाय मागे वळून बघायला लागली.

१२ जून

तळहाताचा घट्टा फाटला. मीठ लावलं. आई म्हणाली, "रडायचं असेल तर बाहेर जा." रडत नव्हते, शिव्या देत होते.

३ जुलै

बावीस! पण खरी बातमी ती नाही. आई खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसली.

महिनाभर तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. आज चार फेऱ्या नुसती बघत राहिली आणि मग ओरडली, "वळताना काय करतेस ते तुझं तुला कळतं का?" वळताना चिंगा झुलते, झुलली की बोटं ओढते, आणि ओढलेली बोटं परत बसत नाहीत. "वळायच्या आधी एक पाऊल लहान घे. श्वास सोड. पाय फिरव. खांदे नकोत, पाय!"

पाचव्या फेरीत जमलं. बेल्त्रान म्हणाला, "हे मला का नाही सांगितलंस कधी, जोशेपा?"

"तू विचारलंस कधी? तू तर जन्मापासून सगळं येतं म्हणून फिरतोस."

बेल्त्रानचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खूप दिवसांनी आईला एवढं हसताना पाहिलं.

१९ जुलै

अठ्ठावीस. मांड्या काळ्यानिळ्या. आई रोज खुर्ची टाकून बसते आणि मोठ्याने मोजते. चुकले की एक शेंग फेकून मारते, नेम अजून पक्का आहे.

८ ऑगस्ट

आईची बोटं आखडत चाललीत, म्हणून तिला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने तिचे हात दिव्याखाली धरले, बोटं एकेक करून वाकवून पाहिली आणि म्हणाला, एवढीच वळणार आता, यापुढे कमीच होत जाईल. औषध दुखण्यावर आहे, मुठीवर नाही.

आईने मान हलवली, आभार मानले. परतताना बसमध्ये हवापाण्याचं बोलत राहिली. मक्याला पाऊस हवा, वगैरे.

घरी आल्यावर तिच्या झग्याची बटणं मी काढून दिली. या हातांनी दुधाच्या कासंड्या घेऊन ती खोऱ्यात उतरायची, रोज सहा किलोमीटर. मला फार वाईट वाटलं. आणि आज पहिल्यांदाच वाटलं की ती पाटी राहू दे.

९ ऑगस्ट

तेहतीस. आई ओरडली, "अजून दोन होत्या हातात, आळशी!" होत्या.

२३ ऑगस्ट

उद्या. बेल्त्रान म्हणतो, मी चाळीसपर्यंत जाईन. खोटं बोलत असावा, पण त्याला खोटं बोलता येत नाही हीच पंचाईत. जेवायला बोलावलं त्याला. काळे घेवडे, मिरच्या, सफरचंदाची सिडार. आईने चमचा दोन्ही हातांत धरून खाल्लं, पाव मी मोडून दिला. तो गेल्यावर म्हणाली, "पस्तिसावी मारलीस की थांबू नकोस. जेवढ्या होतील तेवढ्या कर. कळलं?"

मी हो म्हटलं.

२४ ऑगस्ट

झालं. जसं झालं तसं लिहिते.

आम्ही तिघीजणी होतो. एक एकोणीसला गेली, बेकरीवाली सव्वीसला. मग चौकात मी एकटी, आणि मार्चेल आकडा पुकारतोय. तिशीला लोक उभे राहिले. आईला पेलोटाच्या भिंतीपाशी पुढची खुर्ची दिली होती, बरोबर पाटीखाली. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "बिचारी जोशेपा, आज नाव उतरणार."

तेहतिसाव्या फेरीला वळले तेव्हा ती समोर होती. ऑगस्टचं ऊन, आणि हिने दोन्ही हात शालीखाली लपवले होते.

चौतिसावी रेघ ओलांडली. हातांत अजून होतं. चार-पाच फेऱ्या सहज. मी चिंगा सोडल्या.

बरोबरी! एकच गलका झाला. मार्चेल म्हणाला, पाटीवर दोघींची नावं येतील, मायलेकी. फोटो काढले. बेल्त्रान जवळ आला नाही. आई गालाला गाल लावून म्हणाली, "घरी चल. गाई खोळंबल्यात."

मला वाटलं, झालं ते चांगलं झालं. सगळ्यांचंच.

२५ ऑगस्ट

सकाळपासून आई बोलत नाही. लोक येतात, केक आणतात, ती त्यांच्याशी बोलते. माझ्याशी एक शब्द नाही.

दुपारी भांडी घासताना मागून म्हणाली, "दमलेला हात करंगळीपासून सुटतो."

"काय?"

"आधी करंगळी जाते. मग तिच्या शेजारचं. शेवटी दोन बोटांवर लोंबतं ते लोखंड, माणूस वाकडा होतो, मग पडतं. तुझी चारही बोटं एकदम उघडली. सगळ्या गावाला फसव, मला नाही. मला भीक घातलीस?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं.

"मी मागितलं होतं?"

आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. उरलेली भांडी मी आपटत घासली. राग आला. एवढं हातचं सोडायचं आणि वर ऐकूनही घ्यायचं! आता लिहितानाही राग आहेच.

२६ ऑगस्ट

आज आई आपणहून बोलली. एकाहत्तर साली तिच्या हातांतही अजून होतं, दहा तरी फेऱ्या. पण सकाळी पुरुषांच्या शर्यतीत बाबांच्या चौतीस झाल्या होत्या. त्यांच्या चिंगा दुप्पट जड, पण वजन कोण बघतं, लोक आकडा बघतात. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिने चौतिसावर हात उघडला.

मी विचारलं, बाबांना कळलं होतं?

"कळलं होतं. लग्नाच्या दिवशी त्याने माझे आभार मानले. एकदाच. तेवढ्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही."

दोन दिवस मी तिच्याकडून आभाराच्या त्याच एका शब्दाची वाट बघत होते, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.