बर्फातले डबे

फालुन, १४ जानेवारी

ती. इंगेगार्डआत्या,
सा. न. वि. वि. साष्टांग घालायला बाहेर कमरेएवढा बर्फ आहे, म्हणून उभ्यानेच केलाय. चालवून घे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, तेव्हा पत्रच बरं. तुझं घर ठीक आहे. मी तुझ्या पलंगावर झोपते, तुझ्या कपातून कॉफी पिते आणि तुझ्या शेजारणीला रोज तुझ्या ऑपरेशन झालेल्या खुब्याची खबर देते. तिकडे डागनीआत्या तुला नीट चालवतेय ना? दोघी बहिणी एका स्वयंपाकघरात, हे ऐकून बाबा आठवडाभर हसत होते.

आता वाईट बातमी. तळ्याकाठचा तुझा तुकडा ज्यांच्याकडून भाड्याने आहे, त्या बागसंघाचं पत्र आलंय. गेल्या उन्हाळ्यात तुझे गुडघे धरले होते आणि बागेत तण माजलं होतं, त्याची ताकीद तुझ्या नावावर आहेच. या जूनच्या पाहणीत चौदा नंबरची बाग लागवडीखाली दिसली नाही, तर दुसरी ताकीद. आणि दुसरी ताकीद म्हणजे बाग रांगेतल्या पुढच्या माणसाला. अध्यक्ष हिल्डिंग दुकानात भेटले. फार गोड आवाजात म्हणाले की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला खिडकीतली कुंडी पुरते. बाबांचंही मत आहे की काढून घेण्याआधी आपणच मानाने सोडावी.

तू काय म्हणतेस? मला विचारशील तर मी आजवर एक निवडुंगसुद्धा जगवलेला नाही.

लोभ आहेच, फक्त माझ्याकडून फार अपेक्षा नसावी.
तुझी तूवा

*

इस्ताद, २० जानेवारी

चि. तूवा,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा तुझ्या बाबाला पोचव.

म्हणे मानाने सोडावी! बागेतली ती खोली माझ्या नवऱ्याने, एव्हर्टने, आणि मी मिळून उभी केली, लाल रंग दिला, आणि तो गेल्यावर त्या तुकड्याने मला माणसात ठेवलं. इथे मी पेशंट आहे. डागनी मला मासासुद्धा काटे काढून देते. तिथे मला कुणी उठ-बस म्हणत नाही. ती बाग गेली तर मी पुन्हा फालुनला यायचं कशाला, सांग बरं? हे मी तुलाच लिहितेय, बाकी कुणाला बोलू नकोस.

हिल्डिंगची कुंडी त्याच्या खिडकीत राहू दे. आता नीट वाच. मी एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि मे महिन्यात खाली वाकून पेरणं मला डॉक्टर करू देणार नाही. म्हणून रोपं आत्ताच करायची. थंडीत, बाहेर. तळघरात आरपार दिसणाऱ्या झाकणाचे डबे रचून ठेवलेत. खिळा तापवून प्रत्येकाच्या बुडाला आणि झाकणाला भोकं पाड. चार बोटं ओली माती भर, वर बी भुरभुर, झाकण बांध आणि बाहेर ठेवून दे. कॉफीच्या टिनात बी आहे: केलची पालेभाजी, पालक, सॅलड, कांदा, पार्सली, खसखशीची लाल फुलं, निळी फुलं, झेंडूसारखी केशरी फुलं. बर्फ पडू दे वर. झाडू नकोस, ते त्यांचं पांघरूण आहे. भोकांतून पाणी झिरपतं, आणि वेळ झाली की बी आपलं आपण उठतं. थंडी खाऊन उठलेलं रोप कशाला घाबरत नाही.

हिल्डिंग फेब्रुवारीपासून दिव्यांखाली रोपं लाडावतो आणि मला वेडी म्हणतो. म्हणू दे.

निवडुंग तू जास्त पाणी घालून मारला असणार. इथे काहीच करायचं नाहीये, तेव्हा तुला जमेल.

माया आहे, ती कामाला लाव.
इंगेगार्डआत्या

*

फालुन, ५ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि. या वेळी खरोखर उड्या मारत.

उगवलं! सगळं उगवलं! प्रत्येक डब्यात हिरवं गवतासारखं दाटलंय. मी फेब्रुवारीत मलईचे बन खात खात भोकं पाडली. हात पोळले, घरभर प्लास्टिकचा वास सुटला, आणि शेजारीण आग लागली का म्हणून विचारून गेली. अर्धं बी उरलं, कारण मला कंटाळा आला. पण उगवलेलं बघशील तर रडशील. बाबांना फोटो पाठवला, ते म्हणाले की हे दुकानातून आणलं असणार.

तू हॉस्पिटलात असताना सोसायटीने सगळ्यांच्या बाल्कन्यांना काचा लावून दिल्या, ते फार छान झालं. डबे तिथेच ओळीने मांडलेत. दुपारी ऊन आलं की मी स्वेटर काढून त्यांच्याशेजारी कॉफी घेत बसते.

शाबासकी पत्रानेच धाड.
विजयी भाची तूवा

*

इस्ताद, ९ मार्च

चि. तूवा,
आशीर्वाद. बाकीचं नंतर.

काचा? बाल्कनीला काचा? अगं बाई! माझे डोळेच पांढरे झाले. मी बाहेर म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात आपली उघडी बाल्कनी होती, जिथे दूध ठेवलं तरी दगड होतं. काचेच्या आत ऊन कोंडलं की बियांना वाटतं मे महिना आला. ती उठली. आता एक कडक रात्र आली की गेली बिचारी. डबे आत घेतलेस तर फिकट, लांबुडकी होऊन माना टाकतील. आतही मरण, तिथेही मरण.

तुझी चूक नाही. मीच विचारायला हवं होतं. पण मी चिडलेय, ते राहू दे, चिडलं की माझा खुबा कमी दुखतो.

उरलेलं अर्धं बी जपून ठेव. तुझ्या आळसाला देव शंभर वर्षं आयुष्य देवो.

आत्या

*

फालुन, २ एप्रिल

ती. आत्या,
सा. न. खालमानेने.

तुझं पत्र यायच्या आदल्या सकाळीच सगळं आडवं झालं होतं. काचेच्या आतून बर्फाची नक्षी, आणि डब्यांत शिजलेल्या पालकासारखा चिखल. मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसून भोकाड पसरलं. एका निवडुंगासाठी मी रडले नव्हते, हे लक्षात घे.

पण मग मला राग आला. स्वतःचा, काचांचा आणि हिल्डिंगकाकांच्या गोड आवाजाचा. पंचवीस मार्चला, वॅफलच्या सणाला, सगळं फालुन वॅफल खात होतं, तेव्हा मी डबे धुऊन पुन्हा भरले, उरलेलं बी पेरलं, आणि तळघरातली तुझी घसरगाडी बाहेर काढली. पुढच्या खुर्चीवर डबे बांधले, मागे उभी राहून पायाने ढकलत तळ्याच्या काठाने बागेपर्यंत गेले. दोनदा पडले. डबे एकदाच. फाटक बर्फात रुतलं होतं, म्हणून कुंपणावरून एकेक डबा आत उतरवला आणि खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीशी मांडून वरून फावड्याने बर्फ ओढला.

हिल्डिंगकाका रस्त्यावर उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं की डब्यांत कुणाला पुरतेस. मी म्हटलं, अजून ठरलं नाही, जागा आहे. हे चुकलं का? चुकलं असेल तर रागव, पण मला मजा आली.

आता वाट बघायची. वाट बघणं मला जमत नाही, तरी बघतेय.

तुझ्या रागावर माझा हक्क राहो.
तूवा

*

इस्ताद, ४ मे

चि. तूवा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून महिनाभर ओळ नाही, म्हणजे उगवलेलं नाही आणि तुला सांगवत नाही, इतकं मला कळतं. इथे दक्षिणेत झाडं फुलली आहेत. मी काठी घेऊन बंदरापर्यंत जाऊन येते. डागनीने तिच्या शेजारची एक खोली माझ्यासाठी बघून ठेवलीय. छान आहे. खिडकीत कुंडी मावते. मी काल हिल्डिंगला बाग सोडत असल्याचं पत्र लिहिलं. अजून टाकलेलं नाही. मला भीती वाटतेय, तूवा. एकदा ते पत्र टाकलं की मी म्हातारी झाले.

तुझी आत्या

*

फालुन, ७ मे

ती. आत्या,
नमस्कार मागाहून. ते पत्र फाड!!!

बर्फ आत्ता आत्ता वितळला. मी लिहिलं नाही कारण एकदा विजयाची बातमी देऊन तोंडघशी पडलेय, पुन्हा खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज सकाळी झाकणं उघडली. बुटकी, जाडजूड, गडद हिरवी रोपं! मार्चमधल्या त्या लेच्यापेच्या पोरांसारखी नाहीत, ही तुझ्यासारखी दिसतात. काल रात्री पाणी गोठलं होतं, ह्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही. मी एकेकाला हात लावून बघितलं.

आजपासून तण उपटून वाफे करतेय. माझी कंबर गेली, नखं गेली, आणि बाबा स्वतःहून कुदळ घेऊन आले. त्यांनी तोंडाने काही कबूल केलेलं नाही, पण तीन दिवस रजा टाकलीय.

खोलीवालीला नाही कळव. आजच.
तूवा

*

बागसंघ, फालुन
९ जून

श्रीमती इंगेगार्ड यांस,
स. न. वि. वि.

आपणांस विदित असेलच की गेल्या आठवड्यातल्या लोखंडी रात्रींनी, म्हणजे जूनमधल्या अवेळी गोठणाऱ्या रात्रींनी, यंदा मर्यादा सोडली. संघातील बहुतेक बागांमधली काकडी, घेवडा, भोपळा व डेलिया एका रात्रीत काळी पडली. अध्यक्षांच्या बागेचाही त्यात समावेश आहे, हे खेदाने नमूद करतो. सबब समितीने यंदाची पाहणी सर्वांसाठी रद्द केली आहे. कुणालाही नवी ताकीद मिळणार नाही. अर्थात पाहणीच न झाल्याने मागील ताकिदी आपापल्या जागी कायम राहतील व त्यांचा विचार पुढील वर्षी होईल.

जाता जाता, आपल्या बागेत भाचीने लावलेली केलची बरीच रोपं जास्तीची दिसतात. काही मिळाल्यास उपकृत होईन.

कळावे, प्रकृतीस जपावे.
आपला,
हिल्डिंग, अध्यक्ष

*

इस्ताद, १२ जून

चि. तूवा,
आशीर्वाद, आणि कंबर कस.

त्याच्या पत्राची नक्कल सोबत आहे. वाचलंस? मोठ्या मनाने सगळ्यांना माफी, आणि माझी ताकीद तेवढी पुढच्या वर्षापर्यंत डोक्यावर टांगलेली! शिवाय केल हवी. काय माणूस आहे!

आम्हाला माफी नको, पाहणी हवी. नियमात आहे, सभासदाने मागितली तर समितीला यावंच लागतं. तू जाऊन माग, सगळ्यांच्या समोर. चिटणीस बोएलला सांग, ती सरळ बाई आहे. आणि सही होईपर्यंत कुणाला एक पान द्यायचं नाही.

इथे डागनी म्हणतेय की मी तरुणीसारखी खोलीभर फिरतेय. काठी कुठे ठेवली ते खरंच आठवत नाही.

तुझ्या पाठीशी,
आत्या

*

फालुन, १७ जून

ती. आत्या,
सा. न. वि. वि. आणि ढोल-ताशे!

मागितली. शनिवारच्या कॉफीच्या वेळी, सगळे सभासद केक खात असताना. हिल्डिंगकाका म्हणाले की पाहणी रद्द झाली, आता कशाला तसदी. मी म्हटलं की तसदी आमची, तुम्ही नुसतं चालायचं. आवाज तुझा निघाला. बोएलने नियमांचं पुस्तक बंद केलं, बूट चढवले आणि म्हणाली की चला.

मग समितीमागून अख्खा संघ निघाला! वाटेत दोन्ही बाजूंना काळ्या, लोंबलेल्या वेली. वाईटही वाटलं गं, लोकांनी किती मेहनत केली होती. आणि मग चौदा नंबरचं फाटक उघडलं. केल गुडघ्याएवढी, सॅलडचे गड्डे, कांद्याची रांग, पार्सली, आणि लाल खोलीच्या भिंतीला टेकून निळी फुलं उमलायला लागलेली. एक पान काळं नाही. कुणीतरी मागून टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. बाबा सर्वांत जोरात, जणू कल्पना त्यांचीच होती.

हिल्डिंगकाका प्रत्येक वाफ्यापाशी वाकले. माती चिमटीत घेतली, पानं उलटून बघितली. तण शोधत होते, मला ठाऊक आहे. मी तीन दिवस गुडघ्यांवर रांगून ते आधीच शोधलं होतं. शेवटी ते उभे राहिले, टोपी काढली, आणि सर्वांसमोर म्हणाले की जमीन पूर्ण लागवडीखाली आहे, मागची ताकीद रद्द, आणि असली बाग त्यांनी या जूनमध्ये दुसरी पाहिलेली नाही. बोएलने तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून, सही घेतली.

सही वाळल्यावर मी रोपं काढली. मागणाऱ्या प्रत्येकाला दिली. हिल्डिंगकाकांना सगळ्यांत शेवटी, पण चांगली दिली. त्यांनी हळूच विचारलं की डब्याला भोकं किती मोठी पाडायची. मी म्हटलं, आत्या आली की तिलाच विचारा.

बाग तुझी आहे, आत्या. कुणी हात लावू शकत नाही.

येतेस ना?
तूवा

*

इस्ताद, २० जून

चि. तूवा,
अनेक, अनेक आशीर्वाद. या वेळी धपाटा नाही.

तुझं पत्र डागनीने मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग दोघींनी मिळून रडून घेतलं. बाग सोडायचं ते पत्र मी फाडून तिच्या चुलीत घातलं. खोलीवालीला सांगितलं की तिची ती कुंडीची खोली दुसऱ्या कुणाला दे. डॉक्टर म्हणाला की खाली वाकू नका. मी हो म्हटलं. तो इस्तादला राहतो, त्याला काय दिसणार आहे.

मिडसमरच्या सणाच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतेय. तुझ्या बाबाला स्टेशनवर यायला सांग, त्याने मिठी मारलेली चालेल. केक तू आण, कॉफी मी करीन, बागेतल्या माझ्या खोलीत, माझ्या भांड्यात.

आणि ऐक, एकच मागणं. एक वाफा न खुरपता ठेव. चांगला तणाने माजलेला असू दे. तो मी खुरपणार.

तुझी,
आत्या