माझे बूट आणि बाकीची गबाळी माणसं

४ फेब्रुवारी, पहाटे ५.४०

ताईच्या गॅलरीत उकिडवा बसून, डाव्या बुटात डावा हात घालून उजव्या हाताने ब्रश मारत होतो, तेव्हा निर्णय झाला. रोजनिशी लिहायची. मोठ्या गोष्टींची सुरुवात नंतर कुणालाच नीट आठवत नाही.

परिस्थिती अशी. आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी टाक्या बनतात. तिथे टेम्पररी वेल्डर दोन. मी आणि गेंडा. (हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ठेवलं असतं तर याहून वाईट ठेवलं असतं.) महिनाअखेरीला सेफ्टीचे साहेब तपासणीला येणार. त्यानंतर फोरमन दोघांतल्या एकाला कायम करणार. दुसऱ्याने घरी जायचं. माझं घर म्हणजे वडिलांचं वह्यापेनांचं दुकान. कॉलेज अर्ध्यात सोडून निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, जा बाबा, तुझं स्टूल मी कुणाला देत नाही. अजून कानात बसलंय.

काल फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला, की वेल्डर कसा आहे ते मी त्याच्या पायांकडे बघून ओळखतो. बाकीचे चहा पीत राहिले. मी मात्र ताबडतोब खाली बघितलं. माझे बूट: कंपनीचेच, चामड्याचे, घोट्यापर्यंत. बरे. गेंड्याचे बूट: तेच, पण उकिरड्यातून काढल्यासारखे.

म्हणजे लढत एकतर्फी आहे.

६ फेब्रुवारी

पद्धत ठरवली. आधी नाड्या काढायच्या. कोरड्या ब्रशने धूळ. मग ओलं फडकं, मग चामड्याचा साबण, मग आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे. मग कंडिशनर. मग पॉलिश. रोज.

ताई दूध घ्यायला बाहेर आली आणि म्हणाली, बूट आहेत का जावई, एवढे लाड चाललेत ते. ताईला ऑफिसात एसी आहे. पायांत काय आहे हे तिला संध्याकाळपर्यंत आठवतही नसेल.

७ फेब्रुवारी

कंडिशनर आणलं. दुकानदार म्हणाला, वाटाण्याएवढं घ्या, पातळ लावा, तीन महिन्यांतून एकदा पुरे. वर विचारलं, कामाचे बूट का? काम कसलं? मी म्हटलं, जबाबदारीचं.

तीन महिन्यांतून एकदा! असली माणसं दातही तसेच घासत असणार.

रोज लावणार. वाटाण्याला काही ठराविक आकार नसतो.

१० फेब्रुवारी

तळ आणि वरचं चामडं जिथे शिवलेलं असतं त्या फटीत बारीक लोखंडाचा कीस अडकतो. मोठा ब्रश तिथे पोचत नाही. भाऊजींचा टूथब्रश पोचतो.

सकाळी भाऊजी बाथरूममधून ओरडले, की याला बुटांचा वास का येतोय. मी शांतपणे सांगितलं, की वास बुटांचा नाही, कंडिशनरचा आहे. खरं तर ब्रश जुना दिसत होता. ताई दार लावून घेऊन बराच वेळ हसली. भाऊजी म्हणाले, हा कायम झाला की दुसऱ्या दिवशी याला खोली बघून द्यायची, पहिलं भाडं मी भरतो.

हे त्यांनी रागाने म्हटलं. पण मुद्दा लक्षात घ्यावा: कायम होणार, हे त्यांनीही गृहीत धरलंय.

१२ फेब्रुवारी

वर्कशॉपच्या दारात वाळूचा एक चौकोनी खड्डा आहे. आत जाताना प्रत्येकाने त्यात बूट घासून जायचं, अशी रीत. का, ते कुणी सांगत नाही. सगळे मेंढरांसारखे त्यात पाय घुसळतात, वरून मुठीने वाळू घेऊन बुटांच्या नाकावर चोळतात आणि पुढे जातात. गेंडा तर लहान पोरासारखा खेळतो तिथे.

चामड्यावर वाळू! मी उडी मारून जातो. पहारेकरी म्हणाला, अहो हरीण, जमिनीवरून चला. त्याच्या स्वतःच्या पायात सॅंडल आहेत. त्याच्याशी काय बोलायचं.

१५ फेब्रुवारी

घोटाळा. काल हात धुण्याच्या नळाखाली गेंड्याने मुद्दाम माझ्या पायांवर पाणी उडवलं. (तो म्हणतो, नळ तुटका आहे. नळ तुटका आहेच, पण म्हणून काय झालं?) बूट चिंब.

सावलीत वाळायला दोन दिवस लागतील. माझ्याकडे दोन दिवस नाहीत. ताईचा केस वाळवायचा ड्रायर घेतला आणि फुल गरमवर दोन्ही बुटांत आळीपाळीने घातला. ताई ओल्या केसांनी ऑफिसला गेली. जाताना काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

१६ फेब्रुवारी

चामडं कडक झालंय. बोटाने वाजवलं तर पत्र्यासारखं वाजतं. चालताना करकर आवाज होतो. फोरमनने मागे वळून बघितलं. आवाजामुळे का होईना, लक्ष गेलंय.

उपाय: तेल.

१७ फेब्रुवारी

डबीतलं कंडिशनर संपलं. हार्डवेअरच्या दुकानातून तेलाची अख्खी बाटली आणली. एक हात लावला, चामड्याने पिऊन टाकलं. दुसरा हात, तोही पिऊन टाकला. बिचाऱ्याला किती तहान लागली होती! पाच हात दिले. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी गॅलरीच्या फरशीवर दोन काळे पाय उमटले होते. ताईने त्यांच्यावरून पायपुसणं सरकवलं.

बूट मात्र लोण्यासारखे मऊ झालेत. माझाच निर्णय बरोबर होता.

१९ फेब्रुवारी

गेंडा म्हणाला, तू कुठे गेलास ते शोधायला आता विचारावं लागत नाही, ठसेच दिसतात. मग जरा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, अरे, एवढं तेल बरं नाही, वाळूत घास जरा.

जळतोय.

२१ फेब्रुवारी

अडचण थोडी आहे. वेल्डिंग करताना ठिणग्या पायांवर पडतात, आणि पॉलिशवर ठिणगी पडली की ठिपका उठतो. म्हणून मी पाय मागे घेऊन, कमरेतून पुढे वाकून काम करतो. त्यामुळे हात थोडा हलतो. त्यामुळे टाकीची शिवण थोडी वळवळते. आज पाणी भरल्यावर टाकी तीन ठिकाणी गळली.

फोरमन आला. म्हणाला, लग्नाला आलायस का? कपडे सांभाळत कसला उभा राहतोस? पाय रोवून उभा राहा. वेल्डरचे पाय हलले की हात हलतो, कितीदा सांगू?

पुन्हा पायांचा विषय! तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा. त्याचा रोख बुटांवरच आहे, उघड सांगता येत नाही एवढंच. वरिष्ठ माणसं आडून बोलतात.

२४ फेब्रुवारी

ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अरे, तो पाय कसे ठेवतोस ते बघत असेल, पायात काय घातलंयस ते नाही. मी तिला समजावलं, की कामाच्या जागेचे बारकावे बाहेरच्यांना कळत नाहीत. ती म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, कायम नाही झालास तरी इथे राहा महिनाभर, लगेच बाबांकडे जायची गरज नाही.

तिचा माझ्यावर विश्वास नाही. झोप लागली नाही. उठून बुटांना आणखी एक हात दिला.

२७ फेब्रुवारी

उद्या तपासणी. शेवटची तयारी. तेलाचे दोन हात, वर मेणाचं पॉलिश, मग मोज्याने चकाकी. बुटांच्या नाकात माझं तोंड दिसतं. मग लक्षात आलं, की साहेबांनी पाय वर करायला सांगितला तर? तळालाही मेण लावलं. इतका पुढचा विचार गेंड्याच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

जे झालं ते शांतपणे, क्रमाने लिहितो.

वाळूवरून उडी मारली. पलीकडे उतरताना मेणामुळे पाय घसरला, पण सावरलो. कुणी बघितलं नाही. (पहारेकऱ्याने बघितलं. टाळ्या वाजवल्या.)

साहेब आले. माझ्यासमोर थांबले. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, हे काय लावलंय? शेवटी विचारणारा माणूस भेटला! मी सगळं सांगितलं: साबण, कंडिशनर, तेल, तेलाचे हात किती, मेण. साहेबांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, आदर.

त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच वेळी शेजारच्या ग्राइंडरची एक ठिणगी माझ्या डाव्या बुटावर पडली.

पेटला.

एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. ज्वाळा सगळीकडे सारखी होती. म्हणजे तेल एकसमान लागलं होतं.

साहेब ओरडले, पाय आपट, आपट पाय! पण आपटला तर नाकाला चरा पडणार. म्हणून मी वाकून फुंकर मारली. ज्वाळा घोट्याच्या वर आली. पळायला गेलो, तर तळाच्या मेणाने दगा दिला. साहेबांची पँट धरली. दोघंही आडवे झालो. एवढ्यात गेंडा दारातल्या वाळूची बादली घेऊन धावत आला, सगळी माझ्या पायावर ओतली आणि वर चक्क बसला. बसून राहिला, धूर थांबेपर्यंत.

पायाला फोड आलाय. छोटा. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर वेगळं बोललो असतो.

साहेबांनी धूळ झटकत फोरमनला विचारलं, की ठिणग्यांच्या कामात बुटांवर तेल राहू नये म्हणून दारात वाळू ठेवतात, हे याला कुणी सांगितलं नाही का? फोरमन म्हणाला, हे सांगावं लागतं असं आजवर वाटलं नव्हतं.

माझे बूट त्यांनी पिशवीत भरून नेले. घरी रबरी चपला घालून आलो. भाऊजींनी दार उघडलं आणि पायांकडे बघितलं. पाण्याचा ग्लास आणून दिला.

३ मार्च

गेंडा कायम झाला. बोर्डावर कागद लावलाय. राजकारण आहे, दुसरं काय. 'अभिनंदन' मात्र शुद्ध लिहिलंय, ते मान्य केलं पाहिजे.

माझा हिशेब घ्यायला गेलो. गेटवर काचेची नवीन पेटी बसवलेली दिसली. आत माझे बूट, एक जळका, एक चकचकीत. खाली पाटी: 'असे करू नये'. पहारेकरी म्हणाला, साहेब स्वतः येऊन लावून गेले. फोरमन मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, बघ, तुझे बूट कायम झाले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, हात वाईट नाही रे तुझा. दुसरीकडे लागलास तर आधी उभं राहायला शीक.

गेंडा दारात वाळूत पाय घासत होता. मला बघून म्हणाला, फोड बरा आहे का. मी म्हटलं, हो. एवढंच झालं.

उद्या सकाळची बस.

खर्च: साबण १२०. ब्रश, मोठा, ८०. कंडिशनर ३४०. तेल २१०. मेणाचं पॉलिश १५०. बुटांची किंमत पगारातून कापली, ९००. एकूण १८००.

देणं: ताईचे उसने ५००. भाऊजींना टूथब्रश, एक. साहेबांची पँट, धुलाई, अजून कळवलेली नाही. गेंड्याला: डावा पाय. रक्कम काढता येत नाही. जागा कोरी ठेवली आहे.