खोली क्रमांक नऊमधला आवाज, नाव ठरेपर्यंत न पुसण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक (प्रणाली अद्ययावतीकरण),
मध्यवर्ती संगणक शाखा,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : संगणक देखभाल सहाय्यक, वाचा उपचार केंद्र, तळमजला.

विषय : केंद्राच्या सर्व्हरवरील जुने ध्वनी-पॅकेज उद्या काढून न टाकता, रुग्णाच्या नातवंडाचे नाव ठरेपर्यंत राहू देणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘सर्व यंत्रणा एकाच आवृत्तीवर’.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) त्या तिन्ही अर्जांना मिळालेले एकच उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो, की :

१. खोली क्रमांक नऊमधील रुग्ण ही माझी सख्खी थोरली बहीण आहे. हे मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर कोणाला शोधून काढण्याचे कष्ट नकोत. सगळे तिला आक्का म्हणतात, म्हणून या अर्जातही तेच म्हणतो. आक्का निवृत्तीपर्यंत बसस्थानकावर सूचना देत असे. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हरवलेल्या मुलाच्या आईने चौकशी खिडकीवर यावे, आणि मुलाला सोडून गप्पा मारत बसू नये, हे शेवटचे वाक्य तिच्या पदरचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज जाणार हे ठरल्यावर आपल्याच केंद्राच्या संशोधन कक्षाने आधी तो भरून घेतला. आता ती बोटाने टाइप करते आणि तळमजल्यावरचा सर्व्हर तिच्या आवाजात बोलतो. श्वासाची नळी असल्यामुळे तिला घरी नेता येत नाही. तिचे सगळे बोलणे त्या सर्व्हरवर आहे.

२. आपणांस तांत्रिक बाजू ठाऊक असणारच. पण ही फाईल ज्या ज्या टेबलांवर विसावा घेईल त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. आमचा सर्व्हर युनिक्स नावाच्या प्रणालीच्या कुळातला आहे. त्यावरचा कोणताही प्रोग्रॅम एकट्याच्या बळावर उभा नसतो. त्याला एक पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा एक गठ्ठा, लागते, त्या पॅकेजला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, आणि प्रत्येकाची आवृत्ती ठरलेली. आक्काच्या आवाजाच्या प्रोग्रॅमला पायाचे एक पॅकेज जुन्याच आवृत्तीचे लागते. आपल्या शाखेच्या रुग्णनोंदणीच्या नव्या प्रोग्रॅमला तेच पॅकेज नव्या आवृत्तीचे लागते. दोन्ही एका जागी राहत नाहीत. नवे घातले की जुने निघते, आणि जुने निघाले की त्यावर टेकलेले सगळे यंत्र आपणहून काढून टाकते. त्याचा काही दोष नाही. पायाच काढला तर भिंतीने काय करावे?

३. पहिल्या अर्जात मी जुने पॅकेज आहे तसे थांबवून ठेवण्याची परवानगी मागितली होती. परवानगी येईपर्यंत मी ते थांबवूनही ठेवले. त्यामुळे अपग्रेड अर्ध्यात अडले, मासिक अहवालात आमच्या केंद्रापुढे लाल खूण आली आणि मला खुलासा विचारला गेला. खुलासा मी दिला. खुलाशाला उत्तर आले, की जुने पॅकेज ठेवायचे असल्यास ते बनवणाऱ्याचे सुरक्षितता प्रमाणपत्र जोडावे. बनवणारा संशोधन कक्ष बंद झाला आहे. तसे कळवले तर उत्तर आले, मग कक्ष बंद झाल्याचा दाखला जोडावा. तो दाखला अभिलेख शाखा देते. अभिलेख शाखेत गेलो तर तिथल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांगितले, की त्यांची दाखल्याची खिडकी नव्या नोंदणी प्रोग्रॅमवर चालते, तुमच्या केंद्राचे अपग्रेड झाले की लगेच देते. म्हणजे अपग्रेड टाळण्याची परवानगी मिळवायला आधी अपग्रेड करायचे. महोदय, मी पॅकेजांच्या अशा चक्रात आयुष्य काढले आहे. यंत्र निदान स्वच्छ सांगते, की हे सुटत नाही. आपल्या शाखा मात्र पुढच्या टेबलावर जा म्हणतात.

४. मी हातपाय हलवले नाहीत असे कोणी म्हणू नये म्हणून लिहितो. जुना प्रोग्रॅम नव्या प्रणालीतच वेगळ्या कप्प्यात बसवून पाहिला. तो सुरू होतो. पण आक्काच्या आवाजाच्या फायली ज्या छोट्या जोड-प्रोग्रॅमने, म्हणजे प्लगइनने, उघडतात, तो नवी प्रणाली ओळखत नाही. प्रोग्रॅम पुन्हा नव्याने बांधावा, तर त्याचे मूळ लिखाण संशोधन कक्षाच्या कपाटाबरोबर भंगारात गेले. भांडारात जुने संगणक धूळ खात पडले आहेत, त्यातला एक नेटवर्कला न जोडता आक्काच्या उशाशी ठेवू द्या, म्हटले. भांडारपालांनी नियम दाखवला : नव्या आवृत्तीवर नसलेले यंत्र वापरासाठी देता येत नाही. माझ्या घरचा आणतो, म्हटले, तर खासगी यंत्राला वॉर्डात मज्जाव. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी पेनड्राइव्ह घेऊन उभा.

५. आता चाचणी अपग्रेडविषयी. आमच्या कार्यालयात ‘नाही’ म्हणायचे झाले तर कारण लेखी द्यावे लागते. ‘होय’ला काही लागत नाही. त्यामुळे कोणीही काहीही विचारले तरी ‘होय’ म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. चाचणीच्या दिवशी मी जिल्ह्याच्या बैठकीला होतो. यंत्राने हेडक्लार्कसाहेबांना यादी दाखवून विचारले, की ही पॅकेजेस काढून टाकली जातील, पुढे जायचे का? साहेबांनी वहिवाटीप्रमाणे उत्तर दिले. माणूस वाईट नाही. आक्काला रोज वर्तमानपत्र आणून देणारे तेच आहेत.

यंत्राने आक्काचा आवाज काढला आणि त्या जागी नव्या प्रणालीबरोबर येणारा तयार आवाज बसवला. कोणा तरुण, गोड बाईचा. त्या दिवशी बुधवार होता. दर बुधवारी आक्का आपल्या मुलीला फोन करते. माझी ही भाची लांबच्या शहरात असते, तिचे दिवस भरत आले आहेत आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केली आहे. फोन लागला, गोड बाई म्हणाली, “कशी आहेस गं? पाय सुजलेत का अजून?” भाचीने सभ्यपणे सांगितले, की मला कर्ज नको आहे, आणि फोन ठेवला. आक्काने पुन्हा लावला. तिने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा आक्काने लावलाच नाही. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कीबोर्ड पुढे केला तर तिने ढकलून दिला आणि कागदावर लिहिले, ‘माझ्या तोंडात दुसरी बाई बसवलीत मेल्यांनो.’

आपल्या तपासनीसांनी या तक्रारीवर शेरा मारला : ‘ध्वनी स्पष्ट. उच्चार पूर्वीपेक्षा सुधारलेले. तक्रार निकाली.’ चाचणी होती म्हणून मला जुनी प्रत परत चढवता आली. उद्याची चाचणी नाही. परिपत्रकाच्या शेवटच्या कलमाप्रमाणे अपग्रेडनंतर जुन्या प्रतीही पुसायच्या आहेत आणि ते पुसल्याचे मीच लिहून द्यायचे आहे.

६. दुसऱ्या अर्जात मी तीन महिने मागितले. तिसऱ्यात एक महिना. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली आहे. तिन्ही अर्जांना ‘आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे’ एवढेच उत्तर आले. नोंद घेतल्याबद्दल मी आभारी आहे.

७. काहीच होणार नाही हे कळल्यावर मी एक साधी गोष्ट केली, ती लपवत नाही. सर्व्हर आक्काच्या आवाजात जे बोलतो ते ध्वनिफायलीत साठवता येते. ती फाईल कोणत्याही पॅकेजवर टेकलेली नसते. साध्या फोनवरही वाजते. नवे वाक्य तिच्यातून निघत नाही, भरले तेवढेच. म्हणून या सोमवारपासून आम्ही वाक्ये भरतो आहोत. मी आक्काला सांगितले, की तुला पुढे आयुष्यभर जे बोलायला लागेल ते आत्ता बोलून घे. असे सांगताना माझी जीभ झडली नाही याचेच मला आश्चर्य वाटते. तिने कीबोर्ड जवळ ओढला. मग पहिले वाक्य टाइप केले : ‘जेवलीस का?’ दुसरे, ‘हे काय जेवण झालं?’ मग ‘नळी दुखते, नर्सला बोलवा.’ ‘हेडक्लार्क, पेपर उलटा धरलाय.’ ‘फोन ठेव आता, उगाच बिल वाढतं.’ पाठोपाठ, ‘नको, थांब जरा.’ माझ्यासाठी एकच भरले : ‘गप बस, तुझी चूक नाही.’ मी ते अजून दुसऱ्यांदा ऐकलेले नाही.

८. महोदय, अडले ते इथे. नातवंडाला हाक मारायचे वाक्य तिने शेवटी ठेवले होते. बाळ पुढच्या आठवड्यात यायचे आहे. त्याला अजून नाव नाही. भाचीला म्हटले, आत्ताच एखादे ठरव. ती म्हणाली, “मामा, तोंड बघितल्याशिवाय कसं ठरवू? आईनंच शिकवलंय.” आक्काला म्हटले, मुलाची दहा, मुलीची दहा नावे भरून ठेवू, लागेल ते वापर. तिने फाडकन टाइप केले, ‘हा काय बसस्टँड आहे? येईल ती गाडी माझी म्हणू?’

ही अडचण मी आपल्या तपासनीसांना फोनवर सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, की नावाच्या जागी ‘संबंधित’ हा शब्द वापरल्यास काम भागेल, आमच्या सर्व पत्रव्यवहारात तो चालतो. त्यांनी ते थट्टेने म्हटले नाही. उलट, स्वतःचे बाळ असल्यासारखा विचार करून म्हटले. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

९. तरी माझी नम्र विनंती अशी, की उद्याचे अपग्रेड बाळाचे नाव ठरेपर्यंत पुढे ढकलावे. महिना नको, पंधरवडा नको. बाळ जन्मले, भाचीने त्याचे तोंड पाहिले, फोन करून नाव सांगितले, आक्काने ते एकदा टाइप केले, की मी त्याच क्षणी ‘होय’ दाबीन. आवाज जातो तर जाऊ द्या. तीही तसेच म्हणते. फक्त तिने आपल्या नातवंडाला एकदा नावाने हाक मारावी, एवढेच.

ही विनंती मान्य होणार नाही हे मला माहीत आहे. आपण आज रजेवर आहात, आपल्या जागी ज्यांनी हा अर्ज घेतला त्यांना निर्णयाचे अधिकार नाहीत, आणि अपग्रेडची वेळ उद्या सकाळी दहाची आहे. आदेशात ते कोणी करायचे तिथे माझे पद लिहिले आहे. दुसऱ्याला सांगावे अशीही विनंती मी करणार होतो. पण आक्का म्हणाली, परक्याच्या हातून नको, तूच कर. तेव्हा ती विनंती मी करत नाही.

आज दुपारी तिने ते वाक्य भरलेच. नावापुरती जागा मोकळी सोडून.

कळावे.

आपला नम्र, उद्या दहा वाजता सर्व्हरसमोर हजर राहणारा,
(सही)
संगणक देखभाल सहाय्यक,
वाचा उपचार केंद्र.
गुरुवार, सायंकाळ.

सोबत :
१) आपल्या परिपत्रकाची प्रत.
२) तपासनीसांच्या शेऱ्याची प्रत.
३) ध्वनिफाईल, एक. वाक्य : ‘ये ये माझ्या … , आजीकडे ये.’ मधली शांतता हा फायलीतला दोष नाही. आपल्या शाखेत कोणी ती फाईल उघडल्यास कृपया दुरुस्त करू नये.