शेवटची कुपी

ताई,

डॉक्टरांनी तुझा मधुमेह समजावून सांगितल्यावर बाबा म्हणाले होते, "म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं." तुझ्या रक्तातल्या त्याच राखणदार पेशी मी प्रयोगशाळेत गोठवून ठेवल्या होत्या. तू गेलीस, त्या जिवंत राहिल्या.

आज शेवटची कुपी बाहेर काढली. सहकारी म्हणाली, "ठेवूया का अजून थोडे दिवस?"

"कशाला? लोणचं घालायचंय?" मी खेकसले.

नवं औषध घातलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर कायम तुटून पडणाऱ्या तुझ्या पेशी आज त्यांच्या शेजारी गुमान बसून राहिल्या. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

प्रयोग संपला की नियमाप्रमाणे पेशी ब्लीचमध्ये ओतून मारायच्या असतात. ते काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

तुझी,
धाकटी