आमच्या घराचे दहा रुपये जास्त

आई, काल मी कामाला नवीन बाई ठरवली. पांढुर्ण्यात आता बायका खोल्या मोजून पैसे सांगतात. ही दारातच उभी राहिली आणि झाडू-पोछ्याचे इतके, संडास-बाथरूमचे वेगळे, महिन्यात दोन सुट्ट्या, पाहुणे आले तर भांड्यांचे जादा, असं सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. मी हो हो म्हणत गेले. तिचं संपलं तरी मी तशीच उभी. तीच शेवटी म्हणाली, "झालं ना मॅडम, आणखी काय?" मी आणखी एका आकड्याची वाट पाहत होते, हे तिला कसं सांगणार? तो आकडा आला नाही. ती उद्यापासून येते म्हणून निघून गेली, आणि मी पलंगावर बसून राहिले. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्याशी बोलायची एक गोष्ट मी टाळत आले, आता ती लिहून काढते.

मी पाचवीत होते. आपण सौंसरला राहत होतो, बाबा पांढुर्ण्याला नोकरीवर, शनिवारी बसने यायचे. तू प्राथमिक शाळेत शिकवायचीस आणि त्या वर्षी तू बी.ए. फायनलचा फॉर्म प्रायव्हेट भरला होतास. पास झालीस की माध्यमिक शाळेत जायला मिळणार होतं. परीक्षा एप्रिलमध्ये, छिंदवाड्याला. पुस्तकं जमवलीस, टेबल खिडकीशी सरकवलंस, पण वाचायला बसलीस की अंगण सारवायचं आठवायचं. मग एका रविवारी तू ताडकन उठलीस आणि म्हणालीस, "सकाळचे दोन घंटे मले विकत घ्या लागतीन." घर झाडायला बाई लावायची! आपल्या दोन्ही घराण्यांत तोवर बायका दुसऱ्याकडे कामाला गेल्या होत्या, आपल्याकडे कुणी आलं नव्हतं. बाबांनी ऐकलं आणि जोडा काढता काढता थांबले. "लोक काय म्हणतीन?" एवढंच विचारलं. तू म्हणालीस, "लोक परीक्षा देऊन राहिले का माही?"

बाई मिळेना. संत्र्याचा तोडा सुरू होता, बायका बगीच्यात जात होत्या, तिथे रोजी बरी मिळायची. आणि तोडा नसता तरी आपल्याकडे कोण येणार होतं? आपण बौद्ध. सौंसरात हे कुणाला विचारावं लागत नसे. शेवटी जी आली ती शेतकरी घरातली विधवा होती, सासरचं शेत दिरांकडे गेलेलं, वस्तीपलीकडच्या मोठ्या बागायतदारांच्या घरी स्वयंपाकघरातलं काम करणारी. मी पाढे म्हणत बसले होते आणि कान तिकडेच होते. ती मागच्या दाराशी उभी राहून सांगत होती, "बहनजी, दुसरीकडं मी वीस घेतो, भांडेबी घासतो. तुमच्याइथं भांडे नाही घासणार, अन् तीस लागतीन. काहून ते मले नोका विचारू."

तू विचारलं नाहीस. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तू म्हणालीस, "ठीक आहे. पण कोपऱ्यातले जाळे महिन्यातून दोनदा काढा लागतीन. अन् पलंगाखालून पोछा. तिथं लोक चुकवतात." तीही जराशी हसली. कमी काम आणि जास्त दाम, असा सौदा तू माझ्यासमोर, घासाघीस न करता केलास. भाजीवालीशी चार आण्यांसाठी वाद घालणारी तू! नंतर मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तिले भेव लागते. भेवाचे दहा रुपये हायेत ते." मला वाटलं भीती आपली, आपल्या घराची. मला फार राग आला. पण तुला म्हणायचं होतं ते वेगळं होतं. ती आपल्याकडे येते हे बागायतदारांना कळलं तर तिला त्यांच्या चुलीपाशी कुणी उभं करणार नव्हतं, आणि ती भीती खरी होती. हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

ती उजाडता उजाडता यायची, मागच्या वाडीतून. आपलं झाडून-पुसून, अंगण सारवून, नळावर हातपाय धुऊन मग तिकडे जायची. आणि तू खिडकीशी बसलेली. मला ते आत्ताही दिसतं: तू पेन्सिलीने खुणा करतेस, ती तुझ्या पायाखालून पोछा नेते, तू पुस्तकातून डोळे न काढता दोन्ही पाय वर घेतेस. एकदा मी ओल्या फरशीवरून तरातरा गेले तर तू मला परत बोलावलंस, उंबऱ्यापाशी उभं केलंस आणि ती ऐकेल अशा आवाजात म्हणालीस, "पुसलं कोणं? तू पुसलं का? मंग सुकू दे." एकदा तिने पदरातून सहा संत्री आणली, बगीच्यातली, डाग पडलेली. तू तिच्यासमोर सोलून खाल्लीस आणि गोड आहेत म्हणालीस. ती मात्र आपल्या घरचं पाणी पीत नसे. तू म्हणायचीस, "पाणी नाही पेत तं नाही पेत. काम तं नीट करून राहिली." मला ते जमायचं नाही. तुझ्यासारखं मोठं मन माझ्यापाशी तेव्हा नव्हतं, आता तरी आहे की नाही कोण जाणे.

मार्चमध्ये ते झालं. बागायतदारांची मुलगी माझ्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या चिंचेखाली बसलो असताना मी तिला म्हटलं, "तुमच्या घरची बाई पहिले आमच्याइथं येते. आमचं झाडते, पुसते, मंग तुमच्या चुलीपाशी जाते." तिचा हात डब्यातच थांबला. बस, एवढंच.

चौथ्या दिवशी ती भरदुपारी आली आणि पहिल्यांदाच पुढच्या दाराने आली. रविवार होता, तू घरी होतीस. "बहनजी, तिकडचं काम गेलं," ती म्हणाली. "त्यायले कोणंतरी सांगतलं." तू लगेच म्हणालीस, "तिथचे वीसबी मी देतो. तू इथंच ये." ती मान हलवत राहिली. "वीसाचं नाही जी. मले गावात राहाचं आहे. दुसरं घर भेटाचं आहे. इथं येत राहिली तं कोणी दारात उभं करन का?" तू तिला बस म्हणालीस. ती बसली नाही. तू महिन्याचे पूर्ण तीस तिच्या हातात ठेवलेस. तिने महिन्याचे न भरलेले दिवस मोजून सात रुपये परत केले आणि गेली. मी दाराआड होते.

परीक्षेला एक महिना राहिला होता. तू आठवडाभर पहाटे उठून दोन्ही करून पाहिलंस. मग एका सकाळी पुस्तकं कपाटावर ठेवलीस, टेबल पुन्हा भिंतीशी लावलंस आणि शेणाची पाटी उचललीस. पुढच्या वर्षी देऊ म्हणालीस. पुढच्या वर्षी बाबांना दम्याने धरलं आणि त्यानंतर तो विषयच निघाला नाही. तू प्राथमिकमधूनच रिटायर झालीस, आणि निरोपाच्या सभेत तुझ्या अक्षराचं कौतुक झालं.

या सगळ्यापेक्षा मला छळतं ते दुसरंच. तू कधी कुणावर संशय घेतला नाहीस. तुझी खात्री होती की चूक तुझी. त्या आठवड्यात भरबाजारात ती दिसली तेव्हा तू तिला हाक मारून "उद्या जरा लवकर ये" म्हणाली होतीस, आणि कुणीतरी ते ऐकलं. "माहं तोंडच आवरत नाही," असं तू किती वर्षं म्हणत राहिलीस! मावशीला सांगितलंस, बाबांना सांगितलंस, आजारपणात मलाही सांगितलंस. मी तुझे पाय चेपत होते आणि म्हणाले, "जाऊ दे न आई, जुनी गोष्ट." माफ केल्यासारखं म्हणाले मी. मी, तुला!

मोठेपणी मी स्वतःची समजूत घातली की पोरवय होतं, आमच्याकडेही बाई येते ही फुशारकी होती, तोंडातून निसटलं. वर लिहितानाही तसंच वाटावं असं लिहिलं. खरं असं की त्या दिवशी सकाळी ती जाळे काढत होती आणि तिला धुळीचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, श्वास पुरेना. तू अंघोळीला गेली होतीस. मी धावत जाऊन पेला राखेने घासला, दोनदा विसळला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खोकत खोकत मागच्या दाराने निघून गेली, सरकारी नळाकडे. मी पाणी मोरीत ओतलं आणि शाळेत गेले.

काय बोलायचं ते मी रस्त्यात जुळवत गेले होते, आई. चिंचेखाली पोहोचेपर्यंत वाक्य पाठ झालं होतं.