शागोतीचा अर्धा मालक

बाबा, तुमच्या लेकीवर गेले तीन दिवस जो घोर अन्याय चालला आहे, तो तुमच्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजते. मी म्हणजे मीच आहे याची खात्री पटावी म्हणून आयकर खातं माझ्या फोनवर सहा आकडे पाठवतं. हे आकडे घरात येत नाहीत. सोप्यावर येत नाहीत, तुळशीपाशीही येत नाहीत. इब्रामपूरला, हद्दीवरच्या माझ्या सासरच्या या घरात गोव्याची रेंज मिळण्याची जागा एकच, न्हाणीघरामागचा कपडे धुवायचा धोंडा. तोही दोन्ही पाय वर घेऊन उभं राहिलं तर. एक पाऊल खाली ठेवलं की फोन माझं महाराष्ट्रात स्वागत करतो. तेव्हा बावन्न वर्षांची तुमची लेक आषाढातल्या पावसात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन घेऊन त्या धोंड्यावर पुतळ्यासारखी उभी असते. आकडे येतात, मी ते पाठ म्हणत स्वयंपाकघरात धावते, आणि मेजावरचा संगणक सांगतो की मुदत संपली. शेजारची पोरगी, जी घरी केक करून विकते, तिच्या जनेलातून हे सगळं बघत असते. काल तिने विचारलंच, "काकी, कोणाक सोदता गो?" म्हटलं, "माका. खात्याक मी गावत नाय."

तुम्ही असता तर हसला नसतात. कागदाच्या कामात हसणं तुम्हांला पटत नसे. डिचोलीला खाणीच्या ऑफिसात तुम्ही हेडक्लार्क, पण माहेरच्या वाड्याला तुम्ही ठाऊक होता ते रविवारचे. सकाळी सोप्यावर पाट मांडून बसायचात आणि माणसं रांगेने येत: रेशनकार्ड, वारसाचा दाखला, पेन्शन, पोराच्या शाळेचा फॉर्म. एक पैसा घेत नव्हता. घेत होता तो फक्त जाब. "जन्मतारीख नक्की ही? की अंदाजान सांगतंस? कागदार खोटा लिवूक नको. माणूस मरता, कागद मरणत नाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की लहानपणी मला ते एखाद्या स्तोत्रातलं वाटायचं.

तुम्हांला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे पुढचं तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी तुमचे जावई पोर्तुगीज झाले. घाबरू नका, धर्म तोच आहे. आजोबांचा जुना जन्मदाखला शोधून काढला, पासपोर्ट मिळवला आणि इंग्लंडला एका गोदामात कामाला लागले. दोन वर्षं पैसे आले. मग फक्त फोन आले. मग चतुर्थीला फोटो यायचा, ज्यात गणपतीवरच्या माटोळीखाली शेजारी कोण उभी आहे ते सांगितलेलं नसायचं. मग फोटोही थांबले. घटस्फोट मागायचा तर नोटीस धाडायला पत्ता लागतो, तो त्यांच्या आईलाही माहीत नाही, किंवा असेल तर ती मला सांगत नाही. तेव्हा मी मागच्या खोलीत मिरची, धने आणि खोबरं घेऊन बसले. आधी वाड्यावरच्या चार घरांना कोंबडीच्या शागोतीचा मसाला, मग नुस्त्याच्या हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा मसाला, मे महिन्यात कैरीचं मिस्कुट. मोप्याच्या पठारावर विमानं उतरायला लागली, तशी वाटेवर खोल्या भाड्याने देणारी घरं वाढली, आणि पाहुण्यांना जाताना गोव्याची चव पिशवीत घालून न्यायची असते. माझ्या पिशव्या बऱ्या जाऊ लागल्या.

बऱ्या जाऊ लागल्या की सरकारला आनंद होतो. घरच्या धंद्याला वाटतं आपण घरच आहोत, धंदा नाही. पण नोटीस आली की कळतं. म्हणून मी बिलं ठेवते, मिरचीवाल्याची चिठ्ठी ठेवते, दरवर्षी वेळेत रिटर्न भरते. तुमचीच पोर. बाकी भारतातल्या पापडवालीला दोन पानांचा सोपा फॉर्म आहे. तो आम्हां गोवेकरणींना चालत नाही, कारण आमच्यासाठी एक खास प्रश्न राखून ठेवला आहे: पोर्तुगीज नागरी कायदा तुम्हांला लागू आहे काय? होय की नाही. 'होय' म्हटलं की मोठा फॉर्म उघडतो आणि त्यात नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा पॅन, आणि माझ्या मसाल्याच्या उत्पन्नाचं अर्धं त्याच्या नावावर. त्याने ते तिकडे भरायचं. तो भरतो की नाही ते देव जाणे. आता गंमत बघा बाबा. पोर्तुगीज झाला तो. आणि पोर्तुगीज कायदा राहिला माझ्याकडे, धुवायच्या धोंड्यावर.

हे दरवर्षी मी दात ओठ खाऊन भरत आले, कारण त्याने काही अडत नव्हतं. यंदा अडलं. विमानतळाच्या वाटेवरच्या एका दुकानदाराने दर महिन्याला ठरलेला माल मागितला, चतुर्थीपासून. एवढं दळायला स्वतःचं यंत्र हवं. आता मी दळण पेडण्याला नेते, आणि गिरणवाला माझ्याआधी कुणाची हळद दळतो त्यावर माझ्या शागोतीचा वास ठरतो. यंत्राचं कर्ज काढायला बँकेत गेले. साहेब भला माणूस, मागचे रिटर्न नीट वाचले. "बाई, धंदा मोठा सांगता, पण उत्पन्न अर्धंच दिसतं."

"अर्धं नवऱ्याच्या नावावर जातं."

"मग त्यांचे रिटर्न आणा."

"नवराच आणायचा झाला तर यंत्र कशाला मागितलं असतं?"

साहेब हसले. म्हणाले, यंदाचा रिटर्न पूर्ण उत्पन्नाचा दाखवा, मग बघू. नाहीतर यावर अर्धं यंत्र बसेल. मी विचारलं, अर्धं यंत्र कोण विकतो? तिथून बाजारात फॉर्म भरणाऱ्या एका तरुणाकडे गेले. त्याने मानही वर केली नाही. "त्या प्रश्नाला 'नाही' म्हणा, मॅडम. सगळं उत्पन्न तुमचं. कोण बघायला येतो?" एका टिकमार्कचा प्रश्न. तो बोलला तेव्हा त्याच्या टेबलावर कुणाचातरी चहा सांडला होता आणि एका आजीचा आधार त्यात भिजत होता. तुम्ही त्याला उभं जाळलं असतं. मी मात्र घरी येताना बसमध्ये 'नाही, नाही' असं मनात म्हणून बघत होते. चांगलं वाटत होतं.

तुमच्यामुळे हा प्रश्न मला कॉलेजपासून ठाऊक आहे. तेव्हा ते कलम नवंकोरं होतं आणि तुम्ही त्याला 'पाच-ए' म्हणायचात, जसं काही ते घरात यायचं-जायचं. आई पुढच्या खोलीत मशीनवर बसली आहे, दातांत दोरा, मांडीवर कुणाचातरी ब्लाऊज. तुम्ही तिची शिलाईची वही घेऊन मेजाशी बसला आहात. मी दारात उभी राहून साखळीच्या कॉलेजची बस चुकवते आहे. तुम्ही म्हणता, "तुज्या शिलाईतला अर्धा माज्या उत्पन्नात धरूचा लागता." मी विचारते, "आणि तुमच्या पगारातलं अर्धं आईच्या?" तुम्ही चष्म्यावरून बघता. "पगार वाटणत नाय. कायद्यात तसाच आसा." मी म्हणते, हा कसला कायदा? आणि तुम्ही माझ्यावर ओरडता, की कायद्याला प्रश्न विचारायचे नसतात, कागद भरायचे असतात, आणि बस चुकेल. आई दातांतला दोरा काढते. शांतपणे म्हणते, "बरा तर. अर्धे पैशे तुमचे, मग अर्धी हुकां तरी तुमी लावा."

पुढच्या रविवारी, रांग संपल्यावर, तुम्ही खरंच ब्लाऊज मांडीवर घेऊन बसलात. पुढचं दार लावून घेऊन. हुक इतके वाकडे लावलेत की आईने दुपारी सगळे उसवले. पुन्हा कधी बसला नाहीत. कायद्याचं पालन एकदा करून झालं होतं.

माझा राग या हुकांचा नाही. माझा राग दुसऱ्या कागदाचा आहे, आणि तो मी दहा वर्षं सगळ्यांना सांगते आहे. गोव्यात लग्नाची सही करायच्या आधी एक करार करता येतो: ज्याचं त्याचं वेगळं. तो केला असता तर हा प्रश्न मला आज लागूच झाला नसता. आणि हे डिचोली तालुक्यात ज्या थोड्या माणसांना ठाऊक होतं त्यांत तुम्ही होता. परक्यांच्या जन्मतारखा तपासणारा माणूस, पोटच्या पोरीचा एक कागद त्याला दिसला नाही. जावेला सांगितलं, बहिणीला सांगितलं, बँकेच्या साहेबालाही सांगितलं असतं, पण त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. माझ्या बापाने जगाचे फॉर्म भरले आणि माझा कोरा ठेवला, असं मी म्हणते. लोक चुकचुकतात. वाक्य चांगलं आहे, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वापरते.

आज सकाळी बाराव्या खेपेला धोंड्यावर चढले आणि आकडे वेळेत आले. तो प्रश्न समोर होता. नवऱ्याचा पॅन शोधायला मेजाचा गावेत, म्हणजे खण, ओढला. झेरॉक्स तिथेच असते. तिच्याबरोबर टाचलेला अर्जाचा मसुदा तुमच्या हातचा. जावयाचा पॅन तुम्हीच काढून दिला होता. एकेका चौकटीत एकेक अक्षर, कुठेही खाडाखोड नाही. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, 'जन्मतारीख दाखल्यावरून तपासली'. मी 'होय' म्हटलं. याला प्रामाणिकपणा म्हणू नका, मला त्याची चीड आली होती. पण ज्या कागदाशी तुम्ही खोटं बोलला नाहीत, तो डाव्या हाताला ठेवून उजव्या हाताने 'नाही'वर टिक करणं काही जमेना. पॅन घातला. त्याचं नाव पडद्यावर आलं, ठळक. आयुष्यात कधी मिरचीचं देठ न काढलेला माणूस माझ्या शागोतीचा अर्धा मालक झाला, आणि खात्याने मला धन्यवाद दिले.

दुपारी दुकानदाराला फोन केला, धोंड्यावरूनच. म्हटलं, यंत्र होत नाही, अर्धा माल देते. तो म्हणाला, "बाई, अर्ध्याचं मी काय करू?" त्याने दुसरीकडे बोलणी केली होती. तेही बरोबर आहे. अर्ध्याचं काय करायचं ते मला तरी कुठे कळलंय?

आणि आता जे सांगते ते जावेला, बहिणीला कुणालाच सांगितलेलं नाही. पॅनच्या झेरॉक्सखाली गावेतात आणखी एक कागद आहे, चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला, कोरा, तुम्ही गेल्यावर तुमच्या कागदांत सापडलेला. पन्नास रुपयांचा स्टँपपेपर. डिचोलीला सही करायला गेलो त्याच्या आठ दिवस आधी तुम्ही तो खिशातून काढला होता. मी चोवीस वर्षांची, सोप्यावर बसून पायांना आळता लावते आहे. तुम्ही माझ्याकडे न बघता बोलता, जसे कधी बोलत नव्हता. "बाय, आणखी एक कागद करूक येता. ज्याचा त्याचा वेगळा रवता. मी त्यांच्याकडे विषय काडीन. करूया?" आणि मी हसले. म्हटलं, "शी बाबा! माका लग्न करूचा आसा, दुकान नाय घालूचा." तुम्ही घड्या परत घातल्यात. "पन्नास रुपये फुकट गेले." मी म्हटलं, "देतंय हो तुमका, माज्या पयल्या कमाईतले." पहिली कमाई आली तेव्हा तुम्ही नव्हता, आणि मला ते आठवायचंही नव्हतं. विचारलं होतं तुम्ही. एकदाच विचारलंत, हे माझं म्हणणं अजून आहे. जगाला तीनतीनदा विचारायचात. पण विचारलं होतंत.

संध्याकाळी पेडण्याहून परत येताना एक नवा स्टँपपेपर घेतला. शेजारची केकवाली पोरगी पुढच्या महिन्यात लग्न करते आहे, सही अजून व्हायची आहे. तिच्या जनेलाशी उभी राहून सगळं सांगितलं, हुकांपासून. हात क्रीमने भरलेले, तशीच ऐकत राहिली. म्हणाली, "काकी, पण तो काय म्हणतलो?"

"विचार. आताच कळलेला बरा."

तिने हात पुसले, कागद घेतला आणि केकच्या ऑर्डरींच्या वहीत घातला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. उद्या मी पुन्हा विचारीन, परवाही विचारीन. "कितके जाले गो?" तिने पर्स काढली.

"काय नाय. एकाचे देऊचे रवलेले."

हे पत्र त्याच गावेतात ठेवते, त्या पिवळ्या कागदाखाली. ते पन्नास रुपये फिटले, बाबा.