आईची अकरा दिवसांची टिपणे

प्रिय धाकटे,

ज्याच्या स्मरणातून काहीच निसटत नाही, त्या करुणामयाला वंदन करून हे पत्र लिहावयास घेतो. त्याच्या कृपेवाचून माझ्याने हे लिहवले नसते.

दुपार कलते आहे. खिडकीतले ऊन तुझ्या आईच्या रिकाम्या खुर्चीवरून हळूहळू संगणकाच्या पडद्यावर चढते आहे. त्यात धुळीचे कण तरंगतात आणि वाटते, तीच अजून एकेक अक्षर मांडीत बसली आहे. तू आम्हां दोघांसाठी पोथीचा डेटाबेस करून दिलास तो दिवस आठवतो. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, श्लोक, दुसऱ्यात माझे अर्थ, तिसऱ्यात तिची टिपणे; प्रत्येक टिपण आपल्या श्लोकाच्या क्रमांकाशी बांधलेले. ते पाहून ती म्हणाली होती, की अहो पंडित, इतक्या वर्षांनी मला तुमच्यापासून वेगळी खोली मिळाली!

दर शनिवारी बॅकअप घ्यावा, तो परत आणताना चालू डेटाबेसवर ओतू नये, रिकाम्या जागी उघडून हवे तेवढेच टेबल उचलावे, हे तू मला तीनदा बजावले होतेस. तिच्या आजारपणात माझे शनिवार चुकत गेले. रुग्णालयात जाण्यापूर्वीचे अकरा दिवस ती रोज टिपणे लिहीत असे आणि पोथीत राहून गेलेले काही श्लोकही नव्याने घालीत असे. मी डोकावलो, की म्हणे, हे धाकटीसाठी आहे, वाचलंत तर अबोला धरीन.

ती गेल्यावर मन गुंतावे म्हणून एका श्लोकाचा अर्थ दुरुस्त करावयास बसलो. संगणकाला दिलेल्या आज्ञेत श्लोकाचा क्रमांक घालावयाचा राहिला आणि क्षणार्धात नऊ हजार श्लोकांचा एकच अर्थ झाला: ‘विश्रांती’. खरे सांगतो, क्षणभर मला तो पटलाही. मग घाईघाईने, तुझे बजावणे विसरून, जुना बॅकअप होता तसा सगळ्यावर ओतला. माझे अर्थ परतले. परंतु तिची टिपणेही त्या जुन्या शनिवारापर्यंत मागे गेली. तिचे अकरा दिवस माझ्याच हाताने पुसले गेले.

वर्षभर तू ती टिपणे मागत राहिलीस. मी कधी डोळ्यांचे निमित्त केले, कधी यंत्र रुसल्याचे. तुझ्याशी असत्य बोललो, धाकटे.

काल कपाट आवरताना रुमालात गुंडाळलेली एक डिस्क हाती आली. माझ्या गुरुजींकडे पोथीची नक्कल करताना बिघडलेले पानही आम्ही टाकीत नसू. एक ओळ चुकली तरी बाकीच्या शुद्ध असतात, म्हणून बांधून ठेवीत असू. त्या दिवशी हातांनी आपला जुना धर्म पाळला होता. ओतण्यापूर्वी बिघडलेल्या डेटाबेसचीही प्रत काढून मी ती गुंडाळली आणि शोकात विसरून गेलो. तिच्यात अर्थ तेवढे बिघडलेले; टिपणे अखंड असावीत.

मी ती उघडलेली नाही. तुझ्या आईचा अबोला मला या वयात सोसणार नाही. तूच ये. रिकाम्या जागी उघड. आधी तिने शेवटी घातलेले नवे श्लोक आण, मग टिपणे, म्हणजे ती निराधार होणार नाहीत. तू वाचशील तोवर मी बाहेर व्हरांड्यात बसेन. रागावून ये, पण ये. एवढे मागण्यासाठीच हे पत्र. आणि ते ज्या कोणाच्या डोळ्यांखालून जाईल, त्या प्रत्येकाला आपल्या माणसाचे हरवलेले शब्द अखंड परत मिळोत.

तुझेच,
बाबा